हाक स्वस्त झाली, संघटना नाही

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

१९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत काँग्रेसचे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा उषा मेहता बावीस वर्षांच्या होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रसामग्री जमवली, पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून जागा वारंवार बदलल्या आणि वृत्तपत्रांना जे छापण्याची मुभा नव्हती ते देशाच्या कानावर घातले. डॉ. राममनोहर लोहिया यांचे या उपक्रमाला पाठबळ होते. हे केंद्र तीन महिनेही चालले नाही. नोव्हेंबरात पोलिसांनी छापा घातला आणि उषाबेनना चार वर्षांची सजा झाली. चार शब्द लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी त्या पिढीला एवढी किंमत मोजावी लागली.

आज तालुक्याच्या गावी कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या खिशात त्या केंद्राहून कितीतरी समर्थ यंत्र असते. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले आणि शेतमजुराच्या घरातही ते यंत्र पोहोचले. गावातील नळाला चार दिवस पाणी नाही, ही गोष्ट पूर्वी तालुका वार्ताहराच्या मर्जीवर अवलंबून असे. आज त्या कोरड्या नळाचे चित्र पाच मिनिटांत पाच हजार लोकांपुढे जाते. हा बदल लहान नाही. त्याचे स्वागत करताना समाजवाद्यांनी संकोच बाळगण्याचे कारण नाही, कारण ज्याला आवाज नाही त्याला आवाज मिळावा हीच समाजवादी चळवळीची मूळ मागणी आहे.

तथापि, या बदलाकडे पाहण्याच्या दोन चुकीच्या दृष्टी कार्यकर्त्यांत आढळतात. जुन्या कार्यकर्त्यांतील पुष्कळांना वाटते की हल्लीचे तरुण मोबाईलमध्ये मान घालून बसलेले असतात, त्यांना समाजाचे काही देणेघेणे नाही. नव्या कार्यकर्त्यांतील काहींना वाटते की आता सभा, शाखा, वर्गणी, सभासद-नोंदणी हे सारे कालबाह्य झाले. चांगला मजकूर तयार करून पसरवला की लोकमत तयार होते. पहिली दृष्टी तरुणांवर अन्याय करणारी आहे आणि दुसरी चळवळीचा घात करणारी आहे. दोन्ही बाजूला ठेवून साधा हिशेबी प्रश्न विचारला पाहिजे: या माध्यमांमुळे कोणता खर्च कमी झाला आणि कोणता झाला नाही?

खर्च कशाचा घटला?

मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली सामूहिक कृतीविषयी जो विचार मांडला त्याचे सार सोपे आहे. सार्वजनिक कामाचा लाभ सर्वांना होतो, पण कष्ट ज्याचे त्याला स्वतंत्रपणे करावे लागतात. म्हणून मोठ्या समूहातील प्रत्येकजण दुसरा कोणी पुढे होईल अशी वाट पाहतो आणि काम तसेच राहते. उलट ज्यांचे हितसंबंध मोठे आणि संख्या थोडी, असे गट सहज एकत्र येतात. मूठभर कारखानदारांचा संघ एका बैठकीत उभा राहतो; लाखो ग्राहकांचा संघ वर्षानुवर्षे उभा राहत नाही, याचे कारण ग्राहक मूर्ख आहेत हे नव्हे. एकत्र येण्याचा खर्चच त्यांना परवडत नाही.

डिजिटल माध्यमांनी या खर्चाचे दोन भाग जवळजवळ शून्यावर आणले. एक, निरोप पोहोचवण्याचा खर्च. दोन, आपल्यासारखाच राग आणखी किती जणांना आला आहे हे कळण्याचा खर्च. यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. अन्याय सोसणारा माणूस गप्प बसतो तो पुष्कळदा आपण एकटे आहोत या समजुतीने. ती समजूत मोबाईलने मोडली आहे, आणि हे त्याचे मोठे श्रेय आहे.

परंतु तीन खर्च जसेच्या तसे राहिले. मतभेद झाले असता निर्णय कसा घ्यायचा. कामे कोणी कोणती करायची आणि त्यांचा जाब कोणाला द्यायचा. आणि पहिला उत्साह ओसरल्यावर, पोलिसांची नोटीस आल्यावर, तारखा पडू लागल्यावर टिकून कसे राहायचे. हे तीनही खर्च पूर्वी होते तेवढेच आजही आहेत.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. पूर्वी माणसे बोलावण्याच्या कष्टातच संघटनेची बांधणी होत असे. १९७२ साली मुंबईत महागाईविरुद्ध संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या बायका एका निरोपाने आल्या नव्हत्या. चाळीचाळीतून बैठका झाल्या होत्या. रॉकेल कोणाला मिळत नाही, रेशनच्या दुकानात काय चालते, कोणाचा नवरा मोर्चाला जाऊ देत नाही, हे सारे कार्यकर्तीला घरोघर फिरताना कळले होते. मोर्चा संपला तरी त्या ओळखी संपल्या नाहीत; दुसऱ्या प्रश्नाला त्याच चाळी पुन्हा उभ्या राहिल्या. आज बोलावण्याचे कष्ट उरले नाहीत, आणि म्हणून त्या कष्टांतून आपोआप होणारी बांधणीही उरली नाही. हाक स्वस्त झाली. संघटनेची किंमत कमी झाली नाही. तरुणांच्या आजच्या नागरी सहभागाचे सारे सामर्थ्य आणि सारी दुर्बलता या एका गोष्टीत सामावलेली आहे.

पुण्यातील तीन विजय

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा १४ मार्च २०२१ रोजी व्हायची होती. त्याआधी ती अनेकदा पुढे गेली होती. ११ मार्चला, परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना, कोरोनाच्या कारणाने ती पुन्हा लांबणीवर टाकल्याचे जाहीर झाले. काही तासांत पुण्याच्या नवी पेठ भागात हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले. बीड-परभणीहून, सोलापूर-धुळ्याहून आलेली, खोलीत तिघे-चौघे राहणारी, मेसचा डबा दोघांत वाटून खाणारी ही मुले. कोणत्याही पक्षाने त्यांना आणले नव्हते. मोबाईलवर बातमी फिरली आणि पाय आपोआप बाहेर पडले. मुख्यमंत्र्यांना त्याच दिवशी निवेदन करावे लागले आणि दुसऱ्या दिवशी २१ मार्च ही नवी तारीख जाहीर झाली.

२०२३ च्या आरंभी वर्णनात्मक पद्धतीचा नवा अभ्यासक्रम २०२५ पासून लागू करावा यासाठी हीच मुले पुन्हा रस्त्यावर बसली आणि ते मान्य झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये आयोगाची परीक्षा आणि बँकभरतीची परीक्षा एकाच दिवशी आल्यामुळे तिसऱ्यांदा आंदोलन झाले आणि आयोगाला तारीख बदलावी लागली. साडेतीन वर्षांत तीन विजय. तरुणांना समाजाचे देणेघेणे नाही असे म्हणणाऱ्यांनी या मुलांकडे पाहावे.

पण विजय कशाचा झाला हेही पाहावे. दोनदा तारीख मिळाली, एकदा मुदत मिळाली. शासनात मंजूर पदे किती, त्यातली रिकामी किती, ती का भरली जात नाहीत, एका जागेसाठी शेकडो तरुण आयुष्यातील सर्वांत कर्तृत्वाची वर्षे का घालवत आहेत, हे प्रश्न आंदोलनाच्या मागण्यांत ठळकपणे आले नाहीत. श्रमशक्तीच्या नियतकालिक सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशातील १५ ते २९ वयोगटातील बेकारीचे प्रमाण १०.२ टक्के होते. हा आकडा एका परीक्षेची तारीख बदलल्याने हलत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला, त्यावर तरुणांत संताप उसळला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला. कंत्राटीकरण मागे गेले नाही. अंगणवाडीपासून महाविद्यालयापर्यंत ते सुरूच आहे.

याचा दोष त्या मुलांना देणे योग्य नाही. तारखेवर सर्वांचे एकमत तासाभरात होते. रोजगाराच्या धोरणावर एकमत होण्यासाठी वाचन, वाद आणि वेळ लागतो. खुल्या प्रवर्गातील मुलगा आणि आरक्षित प्रवर्गातील मुलगी, दोघे तारखेसाठी एका रस्त्यावर बसतात. जागांच्या प्रश्नावर त्यांना एकमेकांसमोर उभे करणे सत्तेला सोपे जाते. त्यांना एका बाजूला आणण्याचे काम कोणाही यंत्राला जमणारे नाही. ते राजकीय शिक्षणाचे काम आहे, आणि ते ज्यांनी करायचे ते तेथे नव्हते.

दार कोठे आहे?

या माध्यमांचा सर्वांत चांगला उपयोग जेथे झाला त्या उदाहरणातून पुष्कळ शिकता येते. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने इंटरनेट-सेवांविषयी लोकांची मते मागवली. कंपन्यांना काही संकेतस्थळे स्वस्त आणि काही महाग करण्याची मोकळीक द्यावी काय, असा प्रश्न त्यामागे होता. सल्लापत्र लांबलचक, क्लिष्ट इंग्रजीत आणि वीस प्रश्नांचे होते. काही तरुणांनी त्याचा अर्थ सोपा करून सांगितला, प्रश्नांची उत्तरे तयार केली, एका विनोदी चित्रफितीने विषय घरोघर पोहोचला आणि दहा लाखांहून अधिक पत्रे प्राधिकरणाकडे गेली. वर्षअखेर फेसबुकने आपल्या मोफत पण मर्यादित इंटरनेटच्या योजनेसाठी वापरकर्त्यांकडून ठरावीक मजकुराची लाखो पत्रे पाठवली. त्या पत्रांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेच नाहीत, असे प्राधिकरणाला कंपनीला सुनवावे लागले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्णय झाला: अशी भेदभावाची दर-आकारणी करता येणार नाही.

जगातील एका बलाढ्य कंपनीविरुद्ध हा विजय कसा मिळाला? तेथे एक दार होते. निर्णय कोण घेणार हे ठाऊक होते, प्रश्न लेखी होता, मुदत ठरलेली होती आणि आलेल्या मतांचा विचार करण्याचे बंधन प्राधिकरणावर होते. तरुणांनी नुसता आवाज केला नाही. विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली. संख्या दोन्ही बाजूंना होती. युक्तिवाद एकाच बाजूला होता.

याच्याशी २०२० ची तुलना करावी. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची नवी अधिसूचना केंद्र सरकारने टाळेबंदीच्या काळात मसुद्याच्या रूपाने काढली. पुन्हा तरुण पुढे आले आणि लाखो हरकती गेल्या. पण या वेळी दारावर पहारा बसला. पर्यावरणासाठी काम करणाऱ्या तरुणांच्या एका गटाचे संकेतस्थळ बंद पाडले गेले आणि दिल्ली पोलिसांच्या नोटिशीत चक्क दहशतवादविरोधी कायद्याचा उल्लेख आला. तो पुढे मागे घेण्यात आला. मसुदा त्या रूपात अंतिम झाला नाही, हे यश खरे. पण त्यातील काही गोष्टी पुढे तुकड्यातुकड्याने, कार्यालयीन परिपत्रकांच्या वाटेने येत राहिल्या. परिपत्रकावर हरकती मागवल्या जात नाहीत, आणि त्याविरुद्ध कोणाच्याही मोबाईलवर लाट उसळत नाही.

मुंबईतील आरे वसाहतीत याहून कठोर अनुभव आला. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे तोडण्यास आरंभ झाला. मोबाईलवरून बातमी पसरताच तरुण रात्रीच धावले. एकोणतीस जणांना अटक झाली. कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेऊन ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. निरोप वीजवेगाने गेला, पण करवत त्याहून आधी पोहोचली होती.

जे हाकेच्या बाहेर आहेत

या साऱ्या चर्चेत तरुण हा शब्द सरसकट वापरला जातो. समाजवाद्यांनी तरी तो तसा वापरू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरले आहे असे सांगणाऱ्या स्त्रिया ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के होते. ग्रामीण स्त्रियांत हे प्रमाण २४.६ टक्के होते. त्यानंतर मोबाईलचा प्रसार वाढला आहे. पण घरात एकच मोबाईल असेल तर तो कोणाच्या हाती असतो, रात्री कोणाला वापरायला मिळतो आणि कोणाच्या हातातून काढून घेतला जातो, हे प्रत्येकाला माहीत आहे. ऊसतोडीला गेलेल्या मुलीचा राग मोबाईलच्या पडद्यावर उमटत नाही. म्हणून तो नाही असे समजणारी चळवळ उद्या शहरी, इंग्रजी जाणणाऱ्या, सवर्ण तरुणांचे मत म्हणजेच लोकमत समजू लागेल.

भाषेचाही प्रश्न आहे. २०२० चा तो पर्यावरणविषयक मसुदा आठव्या परिशिष्टातील भाषांत प्रसिद्ध करावा असे दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी सांगितले, तेव्हा केंद्र सरकारने त्याला विरोध केला. ज्या शेतकऱ्याची जमीन खाणीशेजारी आहे त्याला त्याच्या भाषेत मसुदा नको, पण त्याच्या नावाने विकास मात्र हवा, असा हा न्याय आहे.

माध्यम कोणाच्या मालकीचे?

गावाचा पार हा कोणाच्या मालकीचा नव्हता. निदान तसे म्हणण्याची रीत होती. आजचा पार खाजगी मालकीचा आहे. समाजमाध्यमे चालवणाऱ्या कंपन्यांचे उत्पन्न प्रामुख्याने जाहिरातीतून येते आणि जाहिरातीचा भाव माणूस पडद्यासमोर किती वेळ थांबला यावर ठरतो. म्हणून ज्या मजकुराने माणूस थांबतो, तो मजकूर पुढे ढकलला जातो. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे कोष्टक वाचायला कोणी थांबत नाही. दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या जातीच्या माणसाविषयीची चीड पाहायला थांबतात. तरुणाचा संताप हा या धंद्यातील कच्चा माल आहे. तो तरुण स्वतःला आंदोलक समजत असतो आणि कंपनीच्या हिशेबात त्याची नोंद ग्राहकांच्या घाऊक गठ्ठ्यात झालेली असते.

तथापि सारा दोष यंत्राच्या माथी मारून सुटका होणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवड्याच्या बाजाराला नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षा मागत आली होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या भागात व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. जमावाने त्यांना पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथे ठेचून मारले. ज्यांना गाव नाही, घर नाही, ओळखपत्र दाखवले तरी ज्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, अशी ही भटकी माणसे. अफवा मोबाईलने आणली. पण भटक्यांविषयीचा संशय मोबाईलच्या शंभर वर्षे आधीपासून तेथे होता. इंग्रजांनी काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१ साली केला तेव्हापासून तो सरकारी मुद्रेसह चालत आला. जमाव तोही तरुणांचाच होता. तेही एका अर्थाने एकत्र आलेच होते. म्हणून एकत्र येणे म्हणजेच नागरिकत्व नव्हे. जेथे हाक ऐकून धावणाऱ्याला थांबवून, ही माणसे कोण, पुरावा काय, असे विचारणारा एकही कार्यकर्ता गावात नसतो, तेथे स्वस्त हाकेचा शेवट असा होतो. ज्या खोलीत ग्रामसभेचे ठराव लिहिले जायचे त्याच खोलीत हा प्रकार घडला, ही गोष्ट विसरता कामा नये.

शासनाचा हात

शासन या माध्यमांना भिते आणि त्यांचा वापरही करते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीला, आणि त्या ओळींना पसंती दर्शवल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. दिल्लीतील कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरले. तरुणांच्या नागरी हक्कांच्या इतिहासात या निकालाचे स्थान मोठे आहे. पण कलम गेले, वृत्ती गेली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाला पाठिंबा देणाऱ्या एका संगणकीय टिपणावरून बंगळूरच्या बावीस वर्षांच्या मुलीवर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. दिल्लीच्या न्यायालयाने तिला दहा दिवसांनी जामीन दिला.

काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून इंटरनेट बंद होते आणि वेगवान मोबाईल सेवा परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडले. अनिश्चित काळासाठी अशी बंदी घालता येत नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले होते. त्यातच २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीसंबंधीच्या कायद्याने माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात बदल केला. वैयक्तिक माहिती व्यापक लोकहितासाठी देण्याची जी वाट त्या कलमात होती, ती त्यामुळे अरुंद झाली. नागरिकाची माहिती कंपनीपाशी आणि शासनापाशी साचत जावी, आणि शासनाची माहिती नागरिकापाशी येऊ नये, अशी ही दिशा आहे.

रिकाम्या खुर्च्या

तरुण मोबाईलकडे का वळले याचे उत्तर केवळ मोबाईलमध्ये शोधून मिळणार नाही. ते त्यांच्यासाठी मिटवल्या गेलेल्या दारांत शोधले पाहिजे. महाराष्ट्रात महाविद्यालयांतील थेट निवडणुका हिंसाचाराचे कारण देऊन १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने संपवल्या आणि गुणवत्तेनुसार नेमणुकांची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद परत आली. निवडणुका मात्र वर्षानुवर्षे लांबणीवर पडत राहिल्या. म्हणजे ज्या वयात मते मागायची, हरायचे आणि हरल्यानंतरही विरोधकाबरोबर काम करायचे शिकायचे, त्या वयात महाराष्ट्राच्या एका संपूर्ण पिढीला तो धडाच मिळाला नाही.

गावात-शहरात वेगळे घडले नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नव्या निवडणुकीला जानेवारी २०२६ उजाडले. जवळजवळ चार वर्षे देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकाच्या हाती होती. राज्यातील अनेक पालिका आणि जिल्हा परिषदा याच अवस्थेत होत्या. या काळात अठरा वर्षांच्या झालेल्या मुलाने रस्त्यातील खड्ड्याचे चित्र समाजमाध्यमावर टाकले, तर त्याला दोष कसा द्यावा? तक्रार घेऊन जायला त्याला नगरसेवकच नव्हता. शहरांतील क्षेत्रसभांची तरतूद २००९ साली कायद्यात आली आणि कागदावर राहिली. मतदानाचे वय १९८९ साली अठरावर आले. पण २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणांपैकी निम्म्याहून कमी तरुणांची नावे मतदारयादीत होती.

दारे मिटली की काय होते, हे शेजारच्या नेपाळने दाखवले. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील सरकारने सव्वीस समाजमाध्यमांवर बंदी घातली. ८ तारखेला तरुण रस्त्यावर आले, त्या एका दिवसात एकोणीस जण गोळीबारात मारले गेले, दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला आणि संसदेची इमारत जळाली. नवा हंगामी पंतप्रधान कोण असावा याची चर्चा तरुणांनी मोबाईलवरच्या एका व्यासपीठावर केली. सरकार दोन दिवसांत पाडता आले. पण मेलेली मुले परत आली नाहीत, आणि बदल टिकवण्यासाठी शेवटी मतपेटीकडेच जावे लागले. बंदी घालणाऱ्यांनी आणि बंदी मोडणाऱ्यांनी, दोघांनीही यातून शिकण्यासारखे आहे.

कार्यकर्त्याने काय करावे?

पहिली गोष्ट, प्रत्येक हाकेला एक दार जोडावे. एखादा प्रश्न पसरवताना त्याबरोबर निर्णय कोणाचा, अर्ज कोणाकडे, मुदत कोणती, हे मराठीत लिहिलेले असलेच पाहिजे. मसुदे आणि अधिसूचना यांचे सोपे मराठी सार वेळेवर देणारे दोन तरुण प्रत्येक जिल्ह्यात तयार झाले, तर ते शंभर घोषणांहून मोलाचे ठरेल.

दुसरी गोष्ट, ग्रामसभा. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. त्यांची सूचना फळ्यावर एका कोपऱ्यात लागते आणि गणसंख्या नाही म्हणून सभा तहकूब होते. गावातील तरुणांचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा गट हे काम उलटे करू शकतो. सूचना प्रत्येक घरी पोहोचवावी, विषयपत्रिकेवर आपला विषय लेखी मागावा आणि ठराव झाल्यावर त्याचे चित्र सर्वांना पाठवावे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज आता मोबाईलवरूनही करता येतो; मिळालेले उत्तर पारावर वाचून दाखवले म्हणजे ज्यांच्या हाती मोबाईल नाही त्यांचाही त्यात वाटा होतो.

तिसरी गोष्ट, जमलेल्या गर्दीतून माणसे वेचावीत. आंदोलन संपले त्या रात्री जे चार जण उरतात, त्यांची नावे लिहून घ्यावीत, आठ दिवसांत त्यांना भेटावे, अभ्यासमंडळात आणावे. डॉ. बाबा आढाव यांनी १९७२ पासून एक गाव एक पाणवठा चळवळीसाठी गावेच्या गावे पालथी घातली. त्या पायपिटीला आजही पर्याय सापडलेला नाही. मोबाईलने फक्त कोणत्या गावी आधी जावे हे कळते.

चौथी गोष्ट, शाखेच्या गटात न तपासलेला मजकूर पुढे पाठवणाऱ्यास तो कितीही आपल्या बाजूचा असला तरी थांबवावे. आपल्या बाजूचे असत्य हेही असत्यच असते, आणि राईनपाड्यानंतर तर या बाबतीत सवलत घेण्याचा अधिकार कोणालाही उरलेला नाही.

पाचवी गोष्ट, मागण्यांच्या यादीत या माध्यमांचा समावेश करावा. महाविद्यालयांतील थेट निवडणुका, मुदतीत होणाऱ्या स्थानिक निवडणुका, क्षेत्रसभा, मराठीतून मसुदे, माहितीच्या अधिकाराचे मूळ कलम, आणि कोणता मजकूर कोणत्या नियमाने पुढे ढकलला जातो हे कंपन्यांनी जाहीर करण्याचे बंधन, या मागण्या रोजगाराच्या आणि शिक्षणाच्या मागण्यांइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

मित्रहो, नवी पेठेतील त्या खोल्यांत आजही दिवे रात्री उशिरापर्यंत जळत असतात. पुढची तारीख चुकली की ती मुले पुन्हा रस्त्यावर येतील. त्यांना बोलावण्याची गरज पडणार नाही. प्रश्न एवढाच आहे की त्या रात्री त्यांच्यात बसून, तारखेपलीकडच्या प्रश्नावर त्यांच्याशी बोलणारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तेथेच असणारा कार्यकर्ता कोणाचा असेल. तो समाजवादी चळवळीचा नसेल तर ती जागा रिकामी राहणार नाही. द्वेषाचे राजकारण करणाऱ्यांनी तेथे केव्हाच सतरंजी अंथरलेली आहे.